अकरावा दिवा

चावी पहिल्या खटक्यापर्यंत फिरवली की गाडीतले इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात, तीन सेकंद थांबतात आणि विझतात. गाडी स्वतःचीच हजेरी घेते म्हणा ना. जयाबाईंच्या राखाडी गाडीत असे अकरा दिवे होते. पारमिताने चावी फिरवली तेव्हा दहा लागले. डावीकडून चौथी जागा, जिथं इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो, ती काळीच राहिली. निरखून पाहिलं तर तिथं काचेमागं नखाएवढा काळ्या टेपचा चौकोन दिसत होता. त्याचा वरचा उजवा कोपरा अर्धा मिलिमीटर सुटला होता आणि तिथून केसासारखी एक पिवळी रेघ बाहेर आली होती.

पारमिताला निरखायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाने तो तुकडा तिथं डकवला, तेव्हा बॅटरीचा उजेड धरायला तीच होती.

"आज नीट बघ हं पारमिता," जयाबाई खिडकीशी वाकून म्हणाल्या. "तवंदी घाटात म्हातारीसारख्या धापा टाकायला लागली. मागून उसाची ट्रॉली आली, तीसुद्धा पुढं गेली. वर ट्रॉलीवाला मला हात करून गेला, मेला."

"बघते बाई."

निपाणीबाहेर, कोगनोळीकडं जाणाऱ्या सर्व्हिस रोडला एकाच भिंतीला दोन दुकानं होती. डावीकडं भीमरत्नचं गॅरेज, उजवीकडं पारमिताचं धूर तपासणी केंद्र. भावानं गाडी दुरुस्त करायची, बहिणीनं तिचा धूर मोजून दाखला द्यायचा. भाऊ औषध देतो आणि बहीण बरं झाल्याचं लिहून देते, असं लोक हसत म्हणत. पारमिता त्यावर कधी हसली नव्हती, पण ती एकूणच कमी हसते म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं.

जयाबाईंनी दोघांनाही विज्ञान शिकवलं होतं. भीमरत्न दहावीला गणितात गेला, तेव्हा त्याला एसटीत बसवून आयटीआयला नेऊन प्रवेश घेऊन देणाऱ्या त्याच. पारमिताची आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. मुलीला बेळगावला सायन्सला पाठवा, हे सांगायला बाई वखारीच्या दारापर्यंत गेल्या होत्या आणि शिंकत शिंकत परत आल्या होत्या. पारमिता पुढं रसायनशास्त्रात एमएस्सी झाली. काही वर्षं कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवलं, मग ती नेमणूकही संपली आणि तिनं हे केंद्र काढलं. उद्घाटनाला फीत बाईंनीच कापली होती.

तिनं सायलेन्सरमध्ये नळी घातली, इंजिन चालू केलं आणि सांगितल्याप्रमाणे बाईंनी एक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडला. काळ्या धुराचा लोट भिंतीवर गेला. पुन्हा, आणि पुन्हा. पडद्यावर आकडा स्थिरावला. तीन पूर्णांक अडतीस. या गाडीला मर्यादा होती एक पूर्णांक बासष्ट.

"नापास?" बाईंनी विचारलं.

"हो."

"माझी गाडी? अगं, कधी नाही ती!" बाईंनी पिशवीतून फाइल काढली. तीन वर्षांचे तीन दाखले तिच्यात ओळीनं लावलेले होते. "हे बघ. शून्य चव्वेचाळीस. शून्य एक्केचाळीस. शून्य सेहेचाळीस. आणि आज एकदम असं? उद्या काय करू मी?"

उद्या बोरगावच्या शाळेत विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. निवृत्त झाल्यावरही बाई तिथं आठवड्याला एक तास फुकट घेत, आणि दर विज्ञान दिनाला त्यांचा एक ठरलेला प्रयोग असे. मैदानात गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल मिनिटभर धरायचा. मग तो रुमाल मुलांमधून फिरवायचा. रुमाल पांढराच राही. "काळजी घेतली तर यंत्रसुद्धा स्वच्छ श्वास सोडतं," बाई सांगत. "माझ्या गाडीचा धूर माझ्याच विद्यार्थिनीनं मोजलाय. एमएस्सी आहे ती." तू मशीन घेऊन ये, मुलांना आकडा दाखव, असं त्या तीन वर्षं पारमिताला म्हणत होत्या. एकदा पारमिताला ताप आला होता. दुसऱ्या वर्षी मशीन कॅलिब्रेशनला गेलं होतं. तिसऱ्या वर्षी काय सांगितलं ते आता तिलाही आठवत नव्हतं.

"ह्या खेपेला मात्र यायचंच," बाई म्हणाल्या. "गाडी ठेवून जाते. मी वडापच्या जीपनं जाईन. रत्ना, उद्या बारापर्यंत देशील ना रे?"

"देतो की बाई," भीमरत्न गॅरेजमधून हात पुसत बाहेर आला. "तुमची गाडी म्हंजे माझ्या आईची गाडी."

"तुझ्या आईला गाडी दिसली की भोवळ येते, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि वडापला हात करायला रस्त्याकडं निघाल्या.

त्या गेल्यावर भीमरत्नने बोनेट उघडलं, कान लावून दोन मिनिटं इंजिन ऐकलं आणि निकाल दिला.

"नॉझल गेल्यात."

पारमिता बोनेटखाली वाकली. इंजिनाच्या मागच्या अंगानं जाणारा बोटभर जाडीचा एक पाइप होता. तिनं हाताची मागची बाजू त्याच्याजवळ नेली, न टेकवता. मग झटकन मागं घेतली.

"गरम आहे."

"इंजिन चालू हाय म्हंजे गरमच असणार की."

"हा नसतो, अण्णा. हा थंड पाहिजे. इथं पट्टी आहे."

भीमरत्नच्या हातातला पाना तसाच राहिला.

डिझेल इंजिनात जळून गेलेल्या वायूतला थोडा भाग पुन्हा आत सोडायची सोय असते. तो आत गेला की ज्वाळेचं तापमान उतरतं, आणि तापमान उतरलं की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी लग्न लावत नाही. वायू किती सोडायचा ते ठरवणारी झडप म्हणजे ईजीआर वॉल. काजळी धरून ती उघडी अडकली की जळका वायू नको इतका आत येतो, गाडी काळा धूर ओकते आणि चढाला मरते. खरा उपाय म्हणजे झडप बदलणं. दुसरा उपाय म्हणजे पाइपच्या तोंडाशी पत्र्याची पट्टी घालून वाटच बुजवणं. मग पाइप थंड राहतो, धूर जातो, गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. फक्त ज्वाळा तापते, आणि नायट्रोजनचे ते वायू बाहेर पडतात जे डोळ्यांना दिसत नाहीत, छातीला लागतात आणि पारमिताच्या मशीनला अजिबात कळत नाहीत. मशीन काळेपणा मोजतं. पट्टी घातलेली गाडी त्याच्यासमोर नव्या गाडीहूनही शहाणी ठरते.

संकेश्वरपासून कागलपर्यंतचे लोक भीमरत्नकडं पट्टी घालायला येत. "रत्नाची पट्टी" असं तिचं नावच पडलं होतं.

पण कल्पना रत्नाची नव्हती. गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला आलेख-कागदाचा एक तुकडा लटकत होता. तेलानं पारदर्शक झालेला. त्यावर टोकदार पेन्सिलीनं काढलेली आकृती होती, दोन बोल्टांची भोकं, केंद्रांमधलं अंतर बावन्न मिलिमीटर, आणि कोपऱ्यात नेटक्या अक्षरात "जाडी किमान दीड". अक्षर पारमिताचं होतं. पहिल्या गाडीच्या वेळी भीमरत्न दोन दिवस डोकं धरून बसला होता. तिनं पुस्तक वाचलं, आकृती काढून दिली आणि गाडी तिच्या मशीनवर शून्य चाळीसनं पास झाली. त्या दिवशी तिला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आता तिचे कान तापत.

भीमरत्नने दोन बोल्ट सोडवले आणि पक्कडीनं पट्टी ओढून काढली. तिच्या मध्यभागी वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. कडा कसरीनं खाल्लेल्या कागदासारख्या झाल्या होत्या.

"डब्याच्या झाकणाचा पत्रा हाय ह्यो," तो म्हणाला. "दीडचा न्हवता त्या दिवशी. अर्ध्याचाच घातलता." त्यानं पट्टी पँटच्या खिशात टाकली, जरा लगबगीनंच. "बरं, न्हाय न्हाय म्हणता सापडलं. आता जाड घालतो. अर्ध्या तासाचं काम."

"वॉल बदलू या."

"कशाला?"

"बदलू या, अण्णा."

"पारू, डोकं चालीव जरा. आता वॉल बदलला तर बाई इचारणार, मग तवाच का न्हाय बदलला? काय सांगू? तीन वर्सं तुमाला फशिवलं म्हणून सांगू?"

ती गप्प बसली. गप्प बसणं तिला चांगलं जमत असे. तीन वर्षं तिच्याजवळ एक वाक्य तयार होतं. गॅरेजमधून पट्टी घातलेली गाडी भिंतीला वळसा घालून तिच्या दारात आली की ते वाक्य जिभेवर येई, आणि ती गाडीवाल्याला "एक्सिलरेटर दाबा" एवढंच म्हणे. आकडा खरा असे. दाखल्यावरचा एकही आकडा तिनं कधी खोटा लिहिला नव्हता. स्वतःला हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं, की आता त्यातही तिला राम वाटत नव्हता.

आईची एक गोष्ट तिला हल्ली वरचेवर आठवे. वखारीत तपासनीस यायचा असला की मुकादम सकाळीच सगळ्यांना पाणी शिंपडायला लावी. धूळ बसे. तपासनीस दारात उभा राही, छताकडं बघे, "हवा स्वच्छ" लिही आणि जाई. तो गेला की चाळण्या पुन्हा सुरू. "आणि आम्ही शिंकतोय," तानीबाई हसून हसून सांगे, "आणि त्यो लिवतोय!" लहानपणी पारमिताही त्या तपासनिसाला हसली होती.

"उद्या पोरांना दाखवणार आहेत त्या," ती शेवटी म्हणाली. "रुमाल."

भीमरत्नने मान खाजवली. आयटीआयच्या रांगेत बाई त्याच्यासोबत तीन तास उभ्या होत्या, हे त्यानं अनेकदा गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. तो फोनकडं गेला आणि बेळगावच्या पार्टच्या दुकानदाराशी कन्नडमध्ये बोलला. "हां री, ईजीआर. पॅकिंगसकट. मुंजाने बस्सिगे हाक्री." सकाळच्या बसला टाका. मग फोन ठेवून तिच्याकडं न बघता म्हणाला, "बदलतो. पर बाईस्नी पट्टीचं कळता कामा न्हाय. नॉझल साफ केल्या म्हणू. काय?"

ती हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. त्यानं ते हो धरलं. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक नेहमी हो असाच लावत आणि तिनं कधी तो दुरुस्त केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या लाल बसच्या कंडक्टरनं खोकं दिलं. भीमरत्नने बॅटरीची तार काढली, झडपेचा प्लग ओढला, चार बोल्ट सैल केले. जुनी झडप बाहेर आली ती काजळीनं भरून. भाजलेल्या मिश्रीसारखी काळी, भुरभुरीत काजळी. आतली टिकलीसारखी चकती अर्ध्यावर अडकून पडली होती, अंगठ्यानं ढकलली तरी हलत नव्हती. पारमिताने चमचा आणि ब्रशनं वाट खरवडून काढली, कडेचा जुना पॅकिंगचा चिकटा पातीनं सोडवला. भावाबहिणींत दोन तास "धर" आणि "सोड" यापलीकडं शब्द झाला नाही. नवी झडप बसली, नवी पॅकिंग बसली. बोल्ट भीमरत्नने आलटून पालटून आवळले, आयटीआयत शिकवलेलं तो कधी विसरला नव्हता. स्कॅनर लावून गाडीला नव्या झडपेची ओळख करून दिली, तीन वर्षं साठलेला जुना दोष पुसला.

मग त्यानं दिव्यांपुढची काच सोडवली आणि टेपचा तुकडा नखानं काढला. तो त्याच्या बोटाला चिकटून बसला. त्यानं तो पँटला पुसला.

साडेअकरालाच बाई आल्या. हातात रुमाल होता, इस्त्री केलेला, घडी न मोडलेला.

"झाली?"

"झाली बाई. नॉझल साफ केल्या. एकदम कडक," भीमरत्न म्हणाला.

बाई गाडीत बसल्या. चावी पहिल्या खटक्याला फिरवली आणि तिथंच थांबल्या. मग चावी मागं घेऊन पुन्हा फिरवली. त्यांचे ओठ हलत होते.

"अकरा," त्या म्हणाल्या. "रत्ना, आज अकरा लागले."

"आं?"

"दिवे रे. मी रोज मोजते. सवयच आहे, वर्गात शिरलं की डोकी मोजायची तशी. मोजायला लागले तेव्हापासून दहाच लागायचे. मला वाटायचं, एवढेच असतील. हा चौथा कुठून उगवला?"

पारमिता नळी हातात घेऊन उभी होती. भीमरत्न क्षणभरच अडखळला.

"त्यो व्हय? बल्ब गेलता त्यो. मीच बदलला. त्याचं काय न्हाय धरलेलं बाई, आपलं असंच."

"बघ!" बाई पारमिताकडं वळल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "न सांगता करतो हा. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गाडी द्यायची तर माझ्या पोरांकडंच द्यावी."

पारमिताने मान खाली घालून नळी सायलेन्सरमध्ये सरकवली. "एक्सिलरेटर दाबा," ती म्हणाली.

धूर दिसलाच नाही म्हणावा असा. इंजिन बेताल न होता चढलं आणि उतरलं. तीनदा केलं. पडद्यावर आकडा आला. शून्य सत्त्याण्णव. पास.

बाईंनी फाइल उघडली, चष्मा वर केला आणि मागचे तीन दाखले शेजारी धरले. पारमिताला तो आकडा येण्याआधीच ठाऊक होता, आणि बाई तो असाच शेजारी धरून पाहणार हेही.

"पास आहे, खरं आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "पण हे काय गं? गेल्या वर्षी शून्य सेहेचाळीस. काही दुरुस्त न करता. आणि आज सगळं साफ करून, शून्य सत्त्याण्णव? दुपटीहून जास्त. असं कसं होईल?"

"बाई, ह्येचं मशीन जुनं झालंय," भीमरत्न हसून म्हणाला. "कवा काय दाखवंल नेम न्हाय. मी म्हणतोय हिला, नवं घे म्हणून."

"असं आहे होय? मग माझं समाधान झालं." बाईंनी फाइल मिटली. "मशीनच चुकलं म्हण."

त्या मशीनला पारमिता रोज सकाळी स्वच्छ फडक्यानं पुसत असे. काच पुसायची, शून्य लावायचं, पांढरी आणि करडी अशा दोन तपासपट्ट्यांवर पडताळायचं, मग दिवस सुरू. या दोन दुकानांत खरं बोलणारं ते एकच होतं. भीमरत्नकडं तिनं पाहिलं. तो भुवया किंचित वर करून उभा होता, झालं, आटपलं, या अर्थानं.

"मशीन बरोबर आहे, बाई," ती म्हणाली.

"पारू."

"आजचा आकडा बरोबर आहे. मागचे तीनही बरोबर आहेत. पण ते असायला नको होते." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "तेव्हा जळक्या वायूची आत जाणारी वाट आम्ही पत्र्यानं बुजवली होती. धूर कमी झाला म्हणून रुमाल पांढरा राहिला. रुमालावर जे दिसत नाही ते वाढलं होतं. ते हे मशीन मोजत नाही आणि ते मला माहीत होतं. दिवा त्याच्यासाठीच लागत होता. बल्ब गेला नव्हता. त्याच्यावर टेप होती. अण्णा लावत होता आणि बॅटरी मी धरली होती."

रस्त्यानं एक ट्रक गेला.  बाईंनी हातातला रुमाल एकदा उलगडला आणि पुन्हा त्याच घडीवर मिटला.

"तीन वर्षं पोरांना दाखवत होते मी," त्या म्हणाल्या. रागानं नाही. प्रयोगवहीतली चूक सापडावी तशा. "दोनेकशे पोरं असतील. त्यांना मी सांगितलं, पांढरा म्हणजे स्वच्छ."

पारमिताला वाटलं, त्यांनी एक चपराक दिली असती तर बरं झालं असतं.

"रत्ना, तो पत्रा कुठं आहे?"

भीमरत्नने खिशात हात घातला. पट्टी काढून दिली, पण त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं नाही. बाईंनी ती उजेडात धरली. भोकातून फेब्रुवारीचं ऊन त्यांच्या तळहातावर पडलं.

"नीट कापली आहेस," त्या म्हणाल्या, आणि भीमरत्नची मान आणखी खाली गेली. मग त्या पारमिताकडं वळल्या. "अशा किती गाड्या?"

"मोजल्या नाहीत."

"तू? मोजल्या नाहीस?"

 पारमिताचे कान, गाल, मान सगळं जळत होतं. पट्टी रुमालात गुंडाळून बाईंनी पिशवीत ठेवली, गाडीत बसल्या आणि दार मिटलं. "आज प्रयोग बदलावा लागणार," त्या समोर बघत म्हणाल्या. "येणार असशील तर ये. मशीन घेऊन ये. मी आग्रह नाही करत."

गाडी निघाली नव्हती, तोच गॅरेजच्या दारात एक पांढरी जीप येऊन थांबली. आतून कुणीतरी ओरडलं, "रत्नाभाऊ, पट्टी घालून पायजे हो! आनि आक्काकडनं सर्टिफिकेटबी आजच!"

भीमरत्नने बहिणीकडं पाहिलं. नेहमीसारखीच ती गप्प होती, आणि तो सवयीनं जीपकडं वळलाही होता.

"अण्णा," ती म्हणाली. जीपवाल्याला ऐकू जाईल, बाईंना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं ती त्या दुकानात कधी बोलली नव्हती. "आजपासनं मी दाखला द्यायच्या आधी पाइपला हात लावून बघणार. चालू इंजिनाचा पाइप थंड लागला, तर दाखला न्हाय. गाडी तुझ्या गॅरेजातनं आलेली असू दे, न्हायतर कुठनंबी."